हुद्द्यानुसार उघडणारे दुकान

मोटारी, दुचाकी, शीतकपाटे, दूरचित्रवाणी संच अशा महागड्या वस्तूंसाठी कॅन्टीन स्टोअर्स डिपार्टमेंटने ८ जानेवारी २०२१ रोजी संकेतस्थळ सुरू केले. आजी-माजी सैनिक आणि संरक्षण खात्यातील मुलकी कर्मचारी मिळून सुमारे ४५ लाख ग्राहकांची त्यामुळे सोय झाली. १९४८ साली स्थापन झालेल्या आणि मुंबईत मुख्यालय असलेल्या या खात्याचे दुकान सर्वांसाठी खुले नाही, याबद्दल तक्रारीचे कारण नाही. तेथील स्वस्ताईचा मोठा भाग करसवलतीतून येतो. वस्तू व सेवा कराची निम्मी रक्कम खात्याला परत मिळते. सार्वजनिक तिजोरीतून दिलेली सवलत ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यापुरतीच राहावी, यासाठी दारावर पहारा हवाच.

प्रश्न दाराचा नाही. आतल्या फडताळांचा आहे. १ जून २०१९ पासून लागू झालेल्या नियमानुसार अधिकाऱ्याला कर वगळून १२ लाख रुपयांपर्यंतची मोटार घेता येई, तर जवानाला ५ लाखांपर्यंतची. इंजिनाची क्षमतादेखील हुद्द्यानुसार ठरलेली होती: एकाला २५०० सीसी, दुसऱ्याला १४००. त्या वेळच्या २८ टक्के दराने निम्म्या कराचा हिशेब केला, तर अधिकाऱ्याच्या वाट्याला जास्तीत जास्त १ लाख ६८ हजारांची सवलत येते आणि जवानाच्या वाट्याला ७० हजारांची. ज्याचे वेतन अधिक, त्याला सरकारी साहाय्यही अधिक! महाराष्ट्रात १९९९ पासून शिधापत्रिकांना पिवळा, केशरी आणि शुभ्र असे तीन रंग आले, ते नेमक्या उलट तत्त्वावर. सैन्यात हुद्द्यांची उतरंड अपरिहार्य आहे, हे कोणीही मान्य करील. परंतु ती आज्ञापालनासाठी असते, करमाफीच्या वाटपासाठी नव्हे.

शिवाय ही मर्यादा वस्तूच्या किमतीवर आहे, सवलतीच्या रकमेवर नाही. या नियमाखाली सहा लाखांची मोटार घेऊ इच्छिणाऱ्या हवालदाराची सवलत थोडी कमी होत नाही, ती संपूर्णच जाते. त्याने खुल्या बाजारात जाऊन पूर्ण कर भरावयाचा.

खिडकीवर बसलेल्या कारकुनाला प्रत्येक ग्राहकाचा वर्षानुवर्षांचा हिशेब ठेवणे शक्य नव्हते. म्हणून ‘अमुक हुद्दा, अमुक वस्तू’ हा ढोबळ नियम त्या काळी क्षम्य होता. संगणकाने ती सबब नाहीशी केली. कोणी किती सवलत घेतली हे तो क्षणार्धात सांगू शकतो. असे असूनही हुद्द्याची अट संकेतस्थळावर कायम राहिली. वस्तुतः आठ वर्षांच्या मुदतीसाठी प्रत्येकाच्या खात्यात करसवलतीची ठराविक, सर्व हुद्द्यांना समान रक्कम जमा करावी आणि तिचा विनियोग मोटारीसाठी करावा की शीतकपाटासाठी, हे ज्याचे त्याला ठरवू द्यावे. वरिष्ठांना हे रुचणार नाही, हे उघड आहे. तिजोरीवर मात्र यासाठी जादा भार पडण्याचे कारण नाही. आज विषम प्रमाणात सोडला जाणारा करच समान वाटावयाचा आहे.