कपाटे सरकतात तेव्हा

नागापूरच्या एमआयडीसीतून नगर शहरात आले की 1838 साली स्थापन झालेले जिल्हा वाचनालय गाठता येते; राज्यातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांपैकी हे एक. जुन्या वाचनालयांची मांडणी ठरलेली असे: पुस्तके कुलूपबंद काचेच्या कपाटात, मध्ये देवघेवीचे टेबल आणि वाचक टेबलाच्या अलीकडे. यादीत नाव शोधा, चिठ्ठी द्या, मिळेल ते घ्या. सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बडोद्याला आणले आणि तिथे वाचकाचा हात थेट पुस्तकापर्यंत पोहोचला. ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी 1931 मध्ये सूत्र म्हणूनच मांडले. हल्ली मात्र ही वाढ एकाच अंगाने होते. स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका आली की कादंबऱ्यांची कपाटे भिंतीकडे सरकतात, बालविभाग कोपऱ्यात जातो आणि वर्तमानपत्रांचे तिरके लाकडी स्टँड व्हरांड्यात येते. अभ्यासिका हवीच, दोन खोल्यांच्या घरातल्या मुलाला शांत टेबल दुसरीकडे कुठे मिळणार? पण स्वतःची गाइडे घेऊन दिवसभर बसणारा उमेदवार आणि पुस्तक चाळायला आलेल्या आजी यांची सोय एकाच खोलीत लागत नाही. तेव्हा कार्यकारी मंडळांना एकच विनंती: अभ्यासिका वरच्या मजल्यावर न्या, तळमजला चाळणाऱ्यांना ठेवा आणि पाळी सुटल्यावर येणाऱ्या कामगारासाठी संध्याकाळी दार थोडे उशिरा लावा.