मिसिसिपीत स्वतःची बोट फुकट फिरते. मग लॉकचा खर्च कोण भरतं?

समृद्धी महामार्गावर गाडी घातली की टोल कापला जातो. अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीचं तसं नाही. तिथे स्वतःची छोटी बोट घेऊन मिनियापोलिसहून सेंट लुईसपर्यंत जा. हजार किलोमीटरहून जास्त प्रवास होईल, वाटेत दोन डझनांहून जास्त लॉक लागतील, पण एकाही ठिकाणी पैसे द्यावे लागणार नाहीत.

ही फुकट सोय किती दिवस टिकणार, हा प्रश्न आता मिनियापोलिसमध्ये उभा राहिलाय.

लॉक म्हणजे नेमकं काय?

सोप्या भाषेत, बोटींसाठीची पाण्याची लिफ्ट.

मिनियापोलिस ते सेंट लुईस या टप्प्यात नदी १२० मीटरहून जास्त खाली उतरते. पूर्वी इथे खडक आणि उथळ पाणी असायचं. मालवाहतुकीसाठी किमान ९ फूट खोली हवी म्हणून अमेरिकी संसदेने १९३० मध्ये प्रकल्प मंजूर केला आणि नदीवर धरणांची मालिका उभी राहिली. नदीच्या जणू पायऱ्या झाल्या. प्रत्येक पायरीवर एक लॉक.

बोट आत शिरते, मागचा दरवाजा बंद होतो आणि झडपा उघडून पाणी खाली सोडलं जातं. पंप लागत नाही, पाणी उतारानेच वाहतं. बोटवाल्याने लाइफ जॅकेट घालून भिंतीवरून सोडलेला दोर हातात धरायचा. तो बोटीला घट्ट बांधायचा नाही, कारण पाणी उतरताना बोट दोराला लटकू शकते. पातळी सारखी झाली की पुढचा दरवाजा उघडतो.

फुकट, पण रांगेत शेवटी

लॉक चालवतं अमेरिकी लष्कराचं आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स. नियमानुसार आधी लष्करी बोटी, मग प्रवासी जहाजं, मग मालाचे बार्ज, मग व्यावसायिक मच्छीमार आणि सगळ्यात शेवटी हौशी बोटी. मात्र हौशी बोटीलाही अमर्याद ताटकळत ठेवता येत नाही. साधारण तीन फेऱ्यांइतका वेळ गेला की तिला सोडावंच लागतं.

ही रांग लांबते, कारण बहुतेक लॉक ६०० फूट लांब आहेत. १५ बार्जचा ताफा भरतो जवळपास १,२०० फूट. तो एका वेळी मावत नाही, म्हणून तोडून दोनदा न्यावा लागतो. मोठा ताफा पुढे असेल तर दीड-दोन तास गेलेच समजा.

या बार्जमधून मका आणि सोयाबीन खाली लुईझियानाच्या बंदरांकडे जातं. सोयाबीनच्या आंतरराष्ट्रीय दरांचा परिणाम लातूर-अकोल्याच्या बाजारातही जाणवतो. त्यामुळे मालाला प्राधान्य का, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

मग पैसे कोण देतं?

मालवाहू बोटी डिझेलवर गॅलनमागे २९ सेंट कर भरतात. तो एका खास निधीत जातो. नवीन लॉक किंवा मोठी दुरुस्ती असेल तर खर्चाचा काही हिस्सा त्यातून येतो, बाकी सरकारी तिजोरीतून. रोजची देखभाल तर पूर्णपणे करदात्यांच्या पैशांवर चालते. रकमा लहान नाहीत. मिसुरीतल्या विनफिल्डजवळच्या २५ नंबरच्या लॉकशेजारी १,२०० फुटांचा नवा लॉक बांधण्यासाठी २०२२ मध्ये ७३ कोटी २० लाख डॉलर जाहीर झाले.

हौशी बोटवाले या खास निधीत काहीच भरत नाहीत. तेही पेट्रोलवर कर देतात, पण तो मासेमारी आणि बोटिंगच्या सोयींच्या वेगळ्या निधीत जातो.

मिनियापोलिसमध्ये काय बिघडलं?

जून २०१५ मध्ये शहरातला अप्पर सेंट अँथनी फॉल्स लॉक कायमचा बंद झाला. परक्या कार्प माशांना वर जाऊ द्यायचं नव्हतं. त्याबरोबर शहराच्या वरच्या बंदराची मालवाहतूकही संपली.

परिणाम खालच्या दोन लॉकवर झाला. लोअर सेंट अँथनी फॉल्स आणि १ नंबरचा लॉक आता प्रामुख्याने हौशी बोटींसाठी चालतात. म्हणून कोअरने अभ्यास सुरू केला, की हे दोन्ही केंद्र सरकारकडे ठेवायचे की सोडून द्यायचे. धरणं पाडण्याचा पर्यायही चर्चेत आहे. धरणं गेली तर नदीचा जुना खळाळ परत येईल, असं काही पर्यावरणवाद्यांचं म्हणणं आहे. तिथे वल्हवणाऱ्यांना आणि बोटवाल्यांना मात्र आपलं संथ पाणी गमावण्याची भीती आहे.

यातून काय दिसतं?

हौशी बोटींसाठी लॉक कुणी बांधले नव्हते. ते मालासाठी होते आणि छोट्या बोटी त्याच दरवाजातून जात राहिल्या. तासन् तास खोळंबा करणारे बार्ज बोटवाल्यांना वैताग देतात, पण त्यांची फुकट वाट याच बार्जमुळे उघडी आहे. मिनियापोलिसमध्ये माल थांबला आणि लगेच हिशेब मांडला गेला.

टोल लावला तरी प्रश्न सहज सुटणार नाही. शतकाकडे झुकलेल्या लॉकच्या डागडुजीचा खर्च मूठभर बोटवाल्यांकडून निघणं कठीण आहे. म्हणजे शेवटी ठरवायचंय ते करदात्यांनी: माल नसलेल्या नदीवर लोकांच्या हौसेसाठी पैसे घालायचे, की दरवाजे बंद करायचे?