धरण भरले, म्हणून ऊस वाढवायचा काय?



गिरणा धरण भरल्याची बातमी आली की गावोगाव बेण्याची चौकशी सुरू होते. आनंद साहजिक आहे. पण हिशेब कोणी करायचा?

1969 साली पूर्ण झालेले हे धरण नांदगाव तालुक्यात आहे. उपयुक्त साठा सुमारे साडेअठरा टीएमसी. वरची चणकापूरसारखी धरणे भरली, की मग खाली पाणी येते. 2007 नंतर ते पूर्ण भरायला 2019 उजाडले. पुढची तीन वर्षे भरले, आणि 2023 ला पुन्हा हुलकावणी दिली. अशा धरणाच्या भरवशावर दरसाल सारखा ऊस कसा लावायचा?

या साठ्यावर पहिला हक्क पिण्याच्या पाण्याचा. मालेगाव, चाळीसगाव आणि गिरणाकाठची कितीतरी गावे त्यावर तहान भागवतात. उरेल ते पांझण आणि जामदा कालव्यांना. 15 ऑक्टोबरचा साठा पाहून कालवा सल्लागार समिती आवर्तने ठरवते. आडसाली लागण मात्र आपण जुलै-ऑगस्टमध्येच उरकतो. म्हणजे ताटात काय पडणार हे कळायच्या आधीच पंगत बसवायची! गहू-हरभरा दोन-तीन पाण्यांत निघून जातो. ऊस मे महिन्यातही रानात उभाच असतो, आणि तेव्हाच पाणी कमी पडते.

कोणी म्हणेल, ऊस कमी लावला तर कारखान्याने गाळायचे काय? अहो, वाळलेल्या उसाला वजन नाही, उतारा नाही. चार एकर वाळवण्यापेक्षा दोन एकर नीट पिकवलेला बरा. त्यात सभासदाचेही भले आणि कारखान्याचेही.

म्हणून सुचवणे असे: आडसाली फक्त विहिरीला उन्हाळाभर पाणी टिकेल तेवढीच करावी. बाकी लागण ऑक्टोबरचा साठा पाहून. खोडव्यात पाचट जाळू नये, सरीत दाबावे. जमेल त्याने ठिबक करावे. चारीच्या शेवटच्या माणसाला पाणी मिळावे, म्हणून पाणी वापर संस्थेत नुसते नाव नको, हजेरीही हवी.

आणि एक कडू गोष्ट. पिण्याचे आवर्तन नदीतून सुटते, तेव्हा काठावरच्या काही मोटारी रात्री चालतात. ते पाणी खालच्या गावच्या आयाबायांच्या हंड्यातले आहे. त्यावर वाढलेला ऊस आपल्या मोळीत नको.