रज्जुमार्ग वर गेला, खेळ पायथ्याशीच राहिला

जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गची जी छायाचित्रे देशभरच्या वृत्तपत्रांत झळकली, त्यांत बर्फ नव्हता. एरवी पांढरेशुभ्र असणारे उतार तपकिरी, कोरडे दिसत होते. महिनाअखेरीपासून हिमवृष्टी झाली आणि फेब्रुवारीत ‘खेलो इंडिया’ हिवाळी क्रीडा स्पर्धा ठरल्याप्रमाणे पार पडल्या. पुढच्या वर्षी मात्र नशिबाने तेवढी साथ दिली नाही. २२ फेब्रुवारी २०२५ पासून होणाऱ्या स्पर्धा पुरेशा बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या आणि त्या ९ ते १२ मार्च या काळात झाल्या. दोन्ही वेळा चर्चा झाली ती हवामानबदलाची. ती आवश्यकच आहे. पण ज्या वर्षी बर्फ भरपूर पडतो, त्या वर्षी आपण त्याचे काय करतो, हा प्रश्न त्या चर्चेत मागे पडला. आपल्या हिवाळी क्रीडाधोरणाचा कस खरे तर याच प्रश्नाने लागतो.

स्कीइंग हा खेळ भारतात आला तो ब्रिटिश अधिकाऱ्यांची करमणूक म्हणून. गुलमर्ग हे त्यांचे उन्हाळ्यातील विसाव्याचे ठिकाण होते. १९२७ मध्ये तेथे ‘स्की क्लब ऑफ इंडिया’ स्थापन झाला आणि हिवाळ्यातही त्या कुरणांवर वर्दळ सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर या कौशल्याचा अर्थ एकाएकी बदलला. काश्मीर खोऱ्यातील युद्धाच्या अनुभवातून, जनरल थिमय्या यांच्या पुढाकाराने, १९४८ च्या अखेरीस गुलमर्गला लष्कराची स्की शाळा सुरू झाली. आजचे ‘हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल’ हे तिचेच विस्तारित रूप. पुढे पर्यटन खात्याने येथे स्कीइंग आणि गिर्यारोहणाची स्वतंत्र संस्था उभी केली. साहेबाची हौस, सैनिकाची गरज आणि पर्यटकाचे आकर्षण असा या खेळाचा आपल्याकडील प्रवास आहे. पर्वतात राहणाऱ्या माणसाचा स्वतःचा खेळ म्हणून राज्ययंत्रणेने त्याचा विचार फार उशिरा केला, तोही अर्धवट.

गुलमर्गचा रज्जुमार्ग या अर्धवटपणाचे उत्तम उदाहरण आहे. फ्रान्सच्या पोमा कंपनीने उभारलेल्या या ‘गंडोला’चा कोंगडोरीपर्यंतचा पहिला टप्पा १९९८ मध्ये आणि अफरवात पर्वताच्या खांद्यापर्यंत, म्हणजे सुमारे ३,९५० मीटर उंचीवर नेणारा दुसरा टप्पा २००५ मध्ये सुरू झाला. जगातील नामांकित उतारांशी स्पर्धा करील असे हिमक्षेत्र त्यामुळे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. परदेशी स्कीपटू आणि स्नोबोर्डपटू गुलमर्गला येऊ लागले ते यामुळेच. दोन्ही पाय एकाच रुंद फळीवर बांधून, अंग आडवे ठेवून उतारावरून घसरत येण्याचा स्नोबोर्डिंग हा खेळ १९९८ च्या नागानो ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमध्ये आहे. त्याला लागणारी मऊ, खोल हिमाची चादर अफरवातवर निसर्गाने दिलेली आहे.

परंतु या रज्जुमार्गातून जाणारे बहुसंख्य प्रवासी खेळायला जात नाहीत. ते बर्फ पाहायला जातात. महाराष्ट्रातून दर हिवाळ्यात काश्मीर आणि मनालीच्या सहली निघतात. त्या सहलींमधील कुटुंबे भाड्याचे गमबूट आणि जाड कोट चढवून वर जातात, लाकडी स्लेजवर बसतात, छायाचित्रे काढतात आणि उतरतात. यात त्यांचा काही दोष नाही. समुद्रकाठच्या माणसाला पहिल्यांदा बर्फ हातात घेताना होणारा आनंद खरा असतो, आणि त्यावर तंगमर्ग परिसरातील शेकडो घरे चालतात. प्रश्न धोरणाचा आहे. तिकिटांची विक्री हेच यशाचे माप ठरले, की उतारांची निगा, प्रशिक्षक, बचावपथक आणि स्थानिक मुलांची तयारी या सर्व गोष्टी हिशेबाच्या तळटिपेत जातात.

प्रशासनात दीर्घकाळ काढलेल्या कोणालाही याचे कारण ठाऊक असते. नवे बांधकाम मंजूर होते, त्याची कोनशिला बसते, त्याचे उद्घाटन होते. देखभालीला कोनशिला नसते. उत्तराखंडातील औलीची कथा याहून वेगळी नाही. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी तेथे कृत्रिम बर्फ तयार करणारी यंत्रे बसवण्यात आली, त्यांना पाणी पुरवण्यासाठी उंचावर तळे बांधण्यात आले. स्पर्धा संपल्यावर ती यंत्रणा सातत्याने चालती राहिली नाही. अर्थात अशी यंत्रेही जादू करीत नाहीत. त्यांना पाणी आणि वीज लागते, शिवाय हवाही गोठणबिंदूच्या खाली असावी लागते. ज्या हिवाळ्यात थंडीच पडत नाही, त्या हिवाळ्यात ती निरुपयोगी ठरतात.

औलीच्या पायथ्याशी असलेल्या जोशीमठचा धडा तर आणखी कठोर आहे. हे गाव जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसले असून तेथे जड बांधकामे टाळावीत, असे मिश्रा समितीने १९७६ मध्येच सांगितले होते. जानेवारी २०२३ मध्ये शेकडो घरांना भेगा पडल्या आणि जोशीमठ ते औली हा सुमारे चार किलोमीटरचा रज्जुमार्ग बंद करावा लागला. अहवाल होता, इशारा होता. त्यानुसार वागण्याची जबाबदारी मात्र कोणा एकाची नव्हती.

ही विखुरलेली जबाबदारी हाच या विषयाचा गाभा आहे. गुलमर्गची प्रशिक्षण संस्था केंद्रीय पर्यटन मंत्रालयाकडे, युद्धशाळा लष्कराकडे, ‘खेलो इंडिया’ क्रीडा मंत्रालयाकडे, रज्जुमार्ग जम्मू-काश्मीर शासनाच्या महामंडळाकडे. मनालीची संस्था हिमाचल शासनाची, औलीची व्यवस्था गढवाल मंडल विकास निगमाची. यांतील अनेक संस्था काही दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंतचे अभ्यासक्रम चांगल्या रीतीने चालवतात. परंतु एका संस्थेत पहिली पायरी चढलेला मुलगा दुसरी पायरी कोठे चढणार, याचे उत्तर व्यवस्थेकडे नाही. फ्रान्समध्ये मोबदला घेऊन स्की शिकवण्यासाठी राज्यमान्य पदविका लागते. आपण फ्रान्सकडून रज्जुमार्ग आणला, हा नियम आणला नाही.

म्हणूनच आपले मोजके नामवंत खेळाडू व्यवस्थेपेक्षा घराण्यांनी घडवलेले आहेत. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमधील भारताचा एकमेव खेळाडू आरिफ खान हा गुलमर्गमध्ये स्की साहित्याचे दुकान चालवणाऱ्या वडिलांचा मुलगा. जायंट स्लॅलममध्ये तो ४५ वा आला. २०१८ मध्ये तुर्कस्तानातील स्पर्धेत कांस्यपदक मिळवणारी मनालीजवळची आंचल ठाकूर हिच्या घरातही हिवाळी खेळांची परंपरा होती. ज्या घरात दुकान नाही आणि परंपराही नाही, त्या घरातील गुणी मुलाने काय करावे? आज तो स्लेज ओढतो.

सुरक्षिततेचा मुद्दाही याच्याशी जोडलेला आहे. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवातवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू मृत्युमुखी पडले. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी, खाली स्पर्धा सुरू असताना, त्याच परिसरात आणखी एका परदेशी स्कीपटूचा बळी गेला. चंडीगडची संरक्षण संशोधन संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. ते इशारे उताराच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोहोचवणारा, प्रसंगी त्याला अडवणारा प्रशिक्षित स्थानिक माणूस हाच खरा सुरक्षेचा दुवा असतो. त्याच्या पगारावर केलेला खर्च हा पर्यटनावरचाच खर्च आहे.

मोठ्या खासगी प्रकल्पांतून हे सारे सुटेल, असे मानणारा एक पक्ष आहे. त्याने कुल्लूचा इतिहास आठवावा. हेन्री फोर्ड यांचे पणतू अल्फ्रेड फोर्ड यांनी मनालीजवळ भव्य स्की-ग्राम उभारण्याचा प्रस्ताव मांडला होता. फेब्रुवारी २००६ मध्ये नग्गरच्या जगती पटावर खोऱ्यातील देवतांची सभा भरली आणि गुरांमार्फत देवांचा कौल आला, तो प्रकल्पाच्या विरोधात. अनेकांनी त्याला अंधश्रद्धा म्हटले. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्यात चराऊ कुरणे, जंगल आणि पाणी यांवरील हक्कांचा जुना दावा दिसतो. तो दावा मांडण्याची ती तिथली भाषा होती. प्रकल्प अखेर झाला नाही. पर्वतात स्थानिकांच्या संमतीवाचून काही टिकत नाही.

मग करावे काय? पहिली गोष्ट, रज्जुमार्गाच्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा उतारांची निगा, बचावपथक आणि प्रशिक्षण यांसाठी कायद्याने राखून ठेवावा. दुसरी, प्रशिक्षकांसाठी देशभर ग्राह्य असणारी एकच परवाना-पद्धत असावी. तिसरी, स्पर्धेची तारीख दिल्लीतील सोयीने ठरवू नये. हंगामाचा कालखंड जाहीर करावा आणि उतारावरील हिमाची जाडी मोजून नेमका दिवस थोडा आधी ठरवावा. उद्घाटनाला कोणा मान्यवराची वेळ जुळली नाही तरी चालेल. चौथी, काश्मिरात शाळांना दीर्घ हिवाळी सुटी असते. नेमक्या त्याच दिवसांत उतार मोकळे असतात. तंगमर्ग, सोलंग आणि जोशीमठच्या मुलामुलींना त्या सुटीत विनामूल्य शिकवणे आणि साहित्य पुरवणे यासाठी लागणारी रक्कम रज्जुमार्गाच्या एका टप्प्याच्या तुलनेत किरकोळ आहे.

या सर्वांवर हिमाची अनिश्चितता आहेच. काश्मिरात २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना ‘चिल्लई कलां’ म्हणतात. त्या काळात पडलेला बर्फ घट्ट बसतो, उन्हाळ्यापर्यंत टिकतो आणि ओढ्यांना, भातशेतीला, सफरचंदांच्या बागांना पाणी देतो. फेब्रुवारी-मार्चमधला बर्फ लवकर वितळून जातो. हिमवृष्टी अशी पुढे सरकत राहिली तर स्कीचा हंगाम आखडेल आणि शेतकऱ्याचे पाणीही घटेल. उतारावर रोज हिमाची जाडी मोजणारा प्रशिक्षित तरुण म्हणूनच दोघांच्याही उपयोगाचा आहे. केंद्रीय अर्थसंकल्पात पर्वतीय पर्यटनाची पुढची घोषणा होईल, तेव्हा किती नवे मनोरे उभे राहणार हे सांगितले जाईलच. त्याच वेळी किती स्थानिक प्रशिक्षक आणि बचावकर्मी नियमित वेतनावर नेमले जाणार, हेही संसदेत विचारले गेले पाहिजे.