‘रणांगण’चे पहिले वाचन : एक विचार

विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ ही कादंबरी १९३९ साली प्रसिद्ध झाली. तेव्हापासून आजवर मराठी कादंबरीच्या कोणत्याही इतिहासात तिला मानाचे पान लाभले आहे. परंतु अभिजात ठरलेल्या कलाकृतीची एक अडचण असते. ती वाचण्यापूर्वीच तिच्याविषयीचे निष्कर्ष वाचकाच्या हाती पडतात. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी ‘रणांगण’ प्रथम उघडतो, तेव्हा चक्रधर आणि हॅर्टा यांच्या प्रेमाचा शेवट त्याला बहुधा ठाऊक असतो, आणि ‘युद्धाच्या पार्श्वभूमीवरील शोकात्म प्रेमकथा’ हे सूत्रही पाठ झालेले असते. या सूत्राने पहिल्या वाचनाचे काय होते, हा प्रश्न अध्यापकांनी स्वतःला विचारण्याजोगा आहे.

सूत्र सर्वस्वी चुकीचे आहे, असे नाही. युरोपातून हिंदुस्थानकडे आणि पुढे पूर्वेकडे जाणारी बोट, तिच्यावरील जर्मन ज्यू निर्वासित, इंग्लंडहून परतणारा मराठी तरुण आणि काही दिवसांचा सहवास एवढाच हा अवकाश आहे. युद्ध अद्याप घोषित झालेले नाही. आघाडी नाही, तोफा नाहीत, सैनिकही नाहीत. तरीही नाव ‘रणांगण’ आहे. म्हणजे लेखकाने युद्ध मागच्या पडद्यावर रंगवलेले नाही. ते त्याने माणसामाणसांतील व्यवहारात आणून ठेवले आहे. ‘पार्श्वभूमी’ हा शब्द येथेच अपुरा पडू लागतो.

या प्रवासामागील इतिहास विद्यार्थ्यासमोर ठेवणे अगत्याचे आहे. नोव्हेंबर १९३८ मधील संघटित हल्ल्यांनंतर जर्मनीतील ज्यूंना देश सोडण्यावाचून गत्यंतर उरले नाही. जाताना प्रत्येकाला केवळ १० मार्क रोख नेता येत. पारपत्रावर ज्यू असल्याचा शिक्का ऑक्टोबर १९३८ पासूनच बसू लागला होता. बहुतेक देशांचे दरवाजे बंद असताना शांघाय बंदरात मात्र प्रवेशपत्राविना उतरता येई. इटालियन बोटी सुएझ, मुंबई, कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग अशा मार्गाने तिकडे जात. अशा प्रवासात कोण कोठे उतरू शकतो, हाच माणसामाणसांतील खरा भेद ठरतो. पारतंत्र्यातील चक्रधरला मुंबई हे आपले बंदर आहे. प्रगत राष्ट्रात वाढलेल्या हॅर्टाला आपले असे एकही बंदर नाही. साम्राज्यसत्तेने दुय्यम ठरवलेला हा तरुण या एका बोटीपुरता दोघांतील सबळ पक्ष आहे. त्यांच्या प्रेमाचा विचार या विषमतेपासून सुरू व्हावयास हवा.

चक्रधर मुंबईला उतरतो. हॅर्टा पुढे जाते, आणि पुढील प्रवासात समुद्रात उडी घेऊन जीवन संपवते. या शेवटाचे ‘युद्धाने घेतलेला प्रेमाचा बळी’ असे वर्णन उत्तरपत्रिकांतून सर्रास आढळते. मात्र कादंबरी पहिल्यांदा वाचणाऱ्या तरुण वाचकाची, विशेषतः विद्यार्थिनींची, प्रतिक्रिया पुष्कळदा निराळी असते. त्यांना चक्रधरचा राग येतो. उमेच्या आठवणीने कडवट झालेला हा पुरुष हॅर्टाचे प्रेम घेतो, पण त्या प्रेमाचे उत्तरदायित्व घेण्याचा क्षण आला की मागे सरतो, असे त्यांना वाटते. वर्गात आपण हा राग ‘अपरिपक्व’ म्हणून बाजूला सारतो आणि नियती, मानवी असहायता, महायुद्धाची छाया अशा शब्दांकडे वळतो. माझ्या मते हा राग हाच ‘रणांगण’च्या वाचनातील महत्त्वाचा पुरावा आहे.

त्यास इतिहासाचाही आधार आहे. शांघायला पोहोचलेल्या निर्वासितांना पुढे अतोनात हाल सोसावे लागले, १९४३ नंतर त्यांना होंगक्यूतील बंदिस्त वस्तीत राहावे लागले. परंतु त्यांतील बहुसंख्य युद्धातून वाचले. युरोपात मागे राहिलेल्यांच्या वाट्याला आलेला संहार त्यांच्या वाट्याला आला नाही. १९३९ च्या लेखकाला वा वाचकाला यातील काहीच माहीत असणे शक्य नव्हते. आजच्या वाचकाला ते विसरता येत नाही. म्हणूनच हॅर्टाचा मृत्यू अटळ होता, हे विधान आज तितक्या सहजपणे करता येणार नाही. नाझी राजवटीने तिचे घर हिरावले, हे खरेच. परंतु उरलेली जगण्याची इच्छा ती ज्याच्यापाशी ठेवू पाहत होती, तो तिच्यासमोर उभा होता.

कोणी म्हणेल, परक्या देशातील निर्वासित स्त्रीला सामावून घेणे त्या काळच्या मध्यमवर्गीय तरुणाला कितपत शक्य होते? आक्षेप रास्त आहे, आणि चक्रधरला केवळ दोषी ठरवून कादंबरी संपत नाही. त्याचे दौर्बल्य कोठून येते, हे ती दाखवते. पण दौर्बल्य समजून घेणे आणि ते युद्धाच्या खाती जमा करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. शिवाय ही कथा चक्रधरच सांगतो आहे, याचे भान राखले पाहिजे. जो मागे उरला त्याचे हे निवेदन आहे; त्यात कबुली आहे तशी स्वतःची बाजूही आहे. हॅर्टाची पत्रे त्या निवेदनाला छेद देतात, तिचा स्वर स्वतंत्रपणे ऐकू येतो. ‘शोकात्म प्रेमकथा’ हे सूत्र दोन्ही आवाज एकत्र मिसळून टाकते.

तेव्हा अध्यापनात एवढा बदल सुचवावासा वाटतो. ‘रणांगण’वरील समीक्षा विद्यार्थ्याने अवश्य वाचावी, पण संहितेनंतर. पहिल्या वाचनात त्याला काय खटकले, ते प्रथम लिहून घ्यावे, आणि चर्चेचा प्रारंभ तेथून करावा. निर्वासितांच्या बोटी आजही बंदरांबाहेर ताटकळत असतात. कोणाला उतरू द्यावयाचे, हा प्रश्न मिटलेला नाही. अशा काळात हॅर्टाच्या मृत्यूला नियतीचे नाव देणारे वाचन आपल्यालाही सोयीचे असते. ती सोय पहिल्या वाचकाला आपण देऊ नये.