बिअरला पदक, हॉप्सला उठाव नाही : याकिमाच्या शेतकऱ्यांकडून काय शिकावे?

बाजारात एखाद्या वाणाचे नाव गाजू लागले की लागवड वाढते. पण गाजलेले नाव आणि खात्रीची विक्री या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतील हॉप्स पिकाचा अनुभव हेच सांगतो.

पदक आणि वाण

हॉप्स हे बहुवार्षिक वेलवर्गीय पीक आहे. त्याच्या शंकूसारख्या मादी फुलांमुळे बिअरला कडवटपणा आणि वास येतो. अमेरिकेतील सर्वाधिक हॉप्स वॉशिंग्टन राज्यातील याकिमा खोऱ्यात पिकतात.

तेथील छोट्या प्रादेशिक ब्रुअरी 'ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हल' आणि 'वर्ल्ड बिअर कप' या स्पर्धांत उतरतात. बिअर कोणाची आहे हे परीक्षकांना सांगितले जात नाही. त्यामुळे पदकाला बाजारात मान असतो आणि पदकविजेत्या बिअरमधील हॉप्सच्या वाणाचीही चर्चा होते.

'सिट्रा' वाणाचे उदाहरण पाहा. हा वाण वापरून पोर्टलंडच्या विडमर ब्रदर्सने केलेल्या बिअरला २००८ च्या वर्ल्ड बिअर कपमध्ये सुवर्णपदक मिळाले. पुढे लिंबूवर्गीय वासाच्या बिअरची मागणी वाढली आणि सिट्रा अमेरिकेतील सर्वाधिक क्षेत्रावरील वाणांत जाऊन बसला.

मग अडचण कुठे आली?

ब्रुअरी हॉप्सचे करार काही वर्षे आधीच करतात. विक्री वाढतच राहील या अंदाजावर करार झाले आणि लागवडही वाढली. नंतर क्राफ्ट बिअरची विक्री मंदावली. २०२४ मध्ये तेथे नव्याने सुरू झालेल्या ब्रुअरींपेक्षा बंद पडलेल्या ब्रुअरी जास्त होत्या. जुना साठा शीतगृहात पडून राहिला आणि नव्या मालाला उठाव उरला नाही.

परिणामी, २०२१ मध्ये ६० हजार एकरांहून अधिक असलेले हॉप्सचे क्षेत्र २०२४ मध्ये सुमारे ४५ हजार एकरांवर आले. म्हणजे दर चार एकरांमागे एक एकर कमी झाला. स्पर्धा आजही भरतात, पदकेही मिळतात. पण उंच खांब-तारांच्या मांडवाचा खर्च शेतकऱ्याच्याच अंगावर राहतो.

आपल्यासाठी धडा

हॉप्सला उन्हाळ्यात लांब दिवस लागतात, त्यामुळे ते महाराष्ट्राचे पीक नाही. पण हे दुखणे आपल्या ओळखीचे आहे. २००८ च्या मंदीनंतर वाइन उद्योग अडचणीत आला, तेव्हा नाशिक भागात अनेकांना वाइन द्राक्षाच्या बागा काढाव्या लागल्या होत्या.

प्रक्रिया उद्योगासाठी बहुवार्षिक पीक घेण्यापूर्वी हे तपासा :

- करार किती वर्षांचा आहे? मांडव व लागवडीचा खर्च त्या मुदतीत वसूल होतो का?
- उद्योगाने माल उचलला नाही तर भरपाईचे कलम लेखी आहे का?
- वाण संरक्षित असल्यास रॉयल्टी किती? माल दुसऱ्याला विकता येतो का?
- प्रतवारीचे निकष आणि पैसे देण्याची तारीख करारात नमूद आहे का?
- खरेदीदार एकच आहे की अनेक?

सर्व क्षेत्र एकाच वाणाखाली आणू नका. विस्तार कार्यकर्त्यांनी गटाच्या बैठकीत वाणाची माहिती देताना कराराचे वाचनही करून घ्यावे. पदक ब्रुअरीच्या भिंतीवर लागते; शेतकऱ्याच्या हाती राहतो तो करार.