पेटी घ्यायच्या आधी गोचीड मोजा

हल्ली मधमाशीच्या पेट्या घ्या, पीक वाढतंय असं सगळेच सांगतात. खोटं नाही ते. पण पेटी देणारा मध कधी काढायचा तेवढं सांगतो, व्हरोआ कसा मोजायचा ते नाही. माझं मत, ज्याला मोजता येत नाही त्याला मेलिफेराची पेटी देऊच नये.

व्हरोआ म्हणजे माशीची गोचीडच म्हणा. तांबूस, चपटी, रुंदीला दीड मिलीमीटर. मूळची ही आपल्या सातेरीवरची. सातेरी तिला अंगावरनं झाडून टाकते आणि सातेरीत ती वाढते बहुतेक नराच्याच घरात, म्हणून वसाहत तग धरते. पाटगावकडच्या रानातल्या सातेरीला तिचा तेवढा घोर नाही. (सातेरीचा वैरी वेगळा, थाई सॅकब्रूड. ९० च्या दशकात त्यानं दक्षिणेतल्या वसाहती झोपवल्या.) मेलिफेरा मात्र हिच्यापुढं टिकत नाही.

नुसतं बघून काही कळत नाही. निम्म्याहून जास्त गोचीड झाकलेल्या घरात पिल्लाबरोबर असते, उरलेली माशीच्या पोटाखाली दडते. पंख वाकडे झालेल्या माशा पेटीपुढं सरपटायला लागल्या म्हणजे उशीर झालाच समजा.

खर्च काय, तर एक बरणी, जाळीचं झाकण आणि दोन चमचे पिठीसाखर. पिल्लं असलेल्या फ्रेमवरच्या अर्धा कप माशा घ्यायच्या, म्हणजे साधारण तीनशे. राणी त्यात नाही ना, हे आधी बघायचं! साखर टाकून बरणी हळू फिरवायची, दोन मिनिटं ठेवायची, मग उलटी करून पांढऱ्या ताटात झटकायची. ताटात पाणी शिंपडलं की साखर विरघळते, गोचीड उरते. आकड्याला तीननं भागा. शंभर माशांना दोन-तीनच्या वर गेली तर उपाय करा. माशा परत पेटीत, मरत नाहीत.

आग्यामाशीवरनं येणारी ट्रोपिलेलॅप्स मात्र यात नीट सापडत नाही. ती बारीक, लांबट, पोळ्यावर पळणारी. त्यासाठी झाकलेली घरं उघडूनच बघावी लागतात.

न मोजता औषधाच्या पट्ट्या लावणं मला पटत नाही. मेणात अंश राहतो आणि गोचीड औषधाला दाद देईनाशी होते. हुमणीसाठी आपण भुंगेरे गोळा करून अंदाज घेतोच की.

परागीभवनाला भाड्यानं पेट्या आणणाऱ्यांनी एवढंच मागावं, झाकणावर मोजल्याची तारीख आणि आकडा. नसेल तर गाडी रानात उतरवून घेऊ नका.